बाण नायट्रोजनपासून निघतो

तेलगाव, ३० जून २०२५

दादा, जयभीम.

हे पत्र नावाला तुला आहे. खरं तर ते तुला, मला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून येऊन ज्यांनी ज्यांनी बी.एस्सी.चा पेपर लिहिला त्या सगळ्यांना आहे. आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच होतं. आपलं काय चुकलं आणि का चुकलं, हे आपल्याला कधीच कुणी सांगितलं नाही. यादी लागायची, आपण आकडा बघायचो आणि एसटीत बसून घरी यायचो. सेकंड इयरला तू राहिलास तेव्हा वर्षभर एकच म्हणत होतास, की पेपर दाखवा, चूक माझी असली तर मी मान खाली घालीन.

आता पेपर दाखवतात. अर्ज केला की छायाप्रत मिळते. केजला मी शिकवते त्या वर्गातल्या मनिषाच्या पेपरची छायाप्रत माझ्यासमोर आहे. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर मला बंद करून टाकलंस. रजिस्टर केलेलं पत्र मात्र तुला सही करून घ्यावंच लागेल, म्हणून लिहिते आहे.

प्रश्न चौथा, गुण आठ. ॲनिलीनच्या रेझोनन्स रचना काढा आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणांनी दाखवा. मनिषाने पाच रचना काढल्या आहेत. बाण नायट्रोजनवरच्या मोकळ्या जोडीपासून निघतो आणि बेन्झीनच्या कड्यात शिरतो. नायट्रोजनवर धन भार, कड्यावर ऋण भार. तू मला घरी फरशीवर खडूने शिकवलं होतंस, अगदी तसं. त्यावर लाल शाईचा एक तिरपा फराटा आहे आणि शून्य.

मी केजहून जीप धरून बीडला गेले आणि परीक्षा विभागात बसून पेपर काढणारा म्हणून तू लिहिलेलं आदर्श उत्तर पाहिलं. त्यात बाण कड्यातून निघून नायट्रोजनकडे जातो. कड्यावर धन भार, नायट्रोजनवर ऋण. दादा, तू नायट्रोजनभोवती दहा इलेक्ट्रॉन बसवलेस. आठाच्या वर त्याला जागा नाही, हे अकरावीचं पोरगं सांगतं. मग मी तू लिहिलेलं गाईड उघडलं. पान एकशे बारा. तेच चित्र, तसंच्या तसं. त्या पानावर माझी नजर निकालानंतर पहिल्यांदा गेली आणि मला काय झालं असेल ते तू समजून घे.

चूक कशी झाली तेही सांगते. पान एकशे अकरावर नायट्रोबेन्झीन आहे. तिथे इलेक्ट्रॉन खरोखरच कड्यातून बाहेर ओढले जातात, तिथलं चित्र बरोबर आहे. टाइप करणाऱ्याने तेच चित्र उचलून पुढच्या पानावर ठेवलं आणि नायट्रो गट काढून तिथे अमिनो गट लिहिला. गट बदलला, बाण तेच राहिले. अशी चूक माणसाकडून होते. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही.

मी बोलणार आहे ते पुढचं. गाईड तुझं. पेपर काढणारा तू. अभ्यास मंडळाचा अध्यक्ष तू. आदर्श उत्तर लिहिताना तू विचार केला नाहीस, गाईडचं पान उघडलंस आणि उतरवलंस. आपल्या संस्थेच्या बीड आणि केज, दोन्ही कॉलेजांतले पेपर त्या उत्तरावरून तपासले गेले. तुझ्या बीडच्या पोरांनी गाईड पाठ केलं होतं, त्यांना आठपैकी आठ. माझ्या केजच्या वर्गात चौतीस जणांनी तो प्रश्न सोडवला, चौतीस जणांना शून्य. त्यातले सात नापास. ज्याला येतं तो नापास आणि ज्याने घोकलं तो पास, असली परीक्षा घेणाऱ्याला मी शिक्षक म्हणत नाही.

मनिषा काही पहिल्या नंबरची नाही. तिचे वडील रामहरी मेंढरं राखतात. जानेवारीत त्यांचा पाय मोडला आणि दोन महिने कळपामागे तीच होती, पुस्तक पिशवीत घालून. बाकीचे धडे कच्चे राहिले. हा एक पक्का होता. तिला बावीस मार्क आहेत, चोविसाला पास. लातूरला एम.एस्सी.ला तिची जागा लागली आहे आणि एक ऑगस्टला पास झाल्याचा कागद दाखवायचा आहे. नाही दाखवला तर जागा गेली.

काल रामहरी आपल्या दारात आले. कुबडी बाजूला ठेवून ओट्यावर बसले. चहा नको म्हणाले. मी बाण आणि नायट्रोजन समजावायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"मॅडम, मला त्यातलं काय कळत न्हाई. माझ्या लेकीनं बरोबर लिव्हलं का चुकीचं लिव्हलं, येवढंच सांगा."

बरोबर लिहिलं, असं मी सांगितलं. मग नापास कावून, हे त्यांनी विचारलं नाही. ते उत्तर तू दे.

माया

तेलगाव, ९ जुलै

दादा,

तुझं उत्तर मिळालं. वहिनीच्या फोनवरून चार ओळी, खाली नावही नाही. स्वप्नावहिनीला मधे कशाला घेतलंस? तिला बिचारीला वाटलं असेल घरातलंच काही आहे.

तू लिहितोस, रेझोनन्सच्या रचना मुळात काल्पनिक असतात, खरा रेणू त्यांतला एकही नसतो, तेव्हा बाण इकडून काढला काय अन् तिकडून काढला काय. आणि शेवटी लिहितोस, याचं भाषण करू नकोस.

हे वाचून मी फोन ठेवला आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मूर्ख माणसाने हे लिहिलं असतं तर मी हसले असते. तू मूर्ख नाहीस. रचना काल्पनिक आहेत हे अर्धं सत्य तू मला शिकवलंस आणि उरलेलं अर्धंही तूच शिकवलंस. कागदावर पाच चित्रं असतात कारण एका चित्रात खरा रेणू मावत नाही. पण त्या पाचही चित्रांना कायदा आहे. अणू जागचा हलायचा नाही. एकूण भार बदलायचा नाही. आणि बाण तिथूनच निघेल जिथे इलेक्ट्रॉन आहेत. ज्याच्याकडे जोडी मोकळी आहे तोच देईल. तू देणाऱ्याला घेणारा केलंस आणि वर म्हणतोस काय फरक पडतो. हेच वाक्य आपल्या बापजाद्यांना किती जणांनी ऐकवलं असेल. पाणी या आडावरचं प्यायलं काय अन् त्या आडावरचं प्यायलं काय, फरक काय पडतो? ज्याला फरक पडत नाही तोच असं बोलतो, दादा. माझ्या सात पोरांना फरक पडला आहे.

आणि भाषणाचं म्हणशील तर मी भाषण करते. चौदा एप्रिलला तेलगावच्या चौकात करते, बीडलाही करते. तुला भीती वाटते ती माझ्या आवाजाची नाही, मी बरोबर बोलते त्याची आहे. मी चुकीचं बोलत असते तर तू हसून सोडून दिलं असतंस.

सोमवारी मी मनिषाला केजच्या प्रयोगशाळेत बोलावलं. आमचे अटेंडंट बंकटमामा ब्रोमीनचं पाणी द्यायला तयार नव्हते. सुट्टीत कशाला, बाटली उघडली की वास बसतो, आणि तुमची यंदाची नेमणूक तर अजून आली न्हाई. मी म्हटलं, नेमणूक नसलेल्या बाईच्या हातातही ब्रोमीनचा रंग जातो, तुम्ही बघा तरी. हसले आणि खिडक्या उघडल्या.

परीक्षानळीत तांबूस पाणी. मनिषाने ॲनिलीनचे दोन थेंब सोडले. हलवायच्याही आधी रंग उडाला आणि पांढरा साका खाली बसला. ना उष्णता, ना दुसरं काही मदतीला. एकदम तीन ब्रोमीन येऊन कड्यावर चिकटले, तेही नेमके त्या तीन जागी जिथे मनिषाने ऋण भार दाखवला आहे. मग तिने दुसऱ्या नळीत नायट्रोबेन्झीन घेतलं. थेंब टाकला, हलवलं, थांबलो. बंकटमामांनी घड्याळ बघितलं. काहीच नाही. तांबूस ते तांबूसच. तुझ्या गाईडमध्ये दोघांचं चित्र एकच आहे, दादा. दोघांचं कडं तू सारखंच कंगाल करून ठेवलंस. मग पहिल्या नळीत ब्रोमीन कुणाकडे धावला?

मला वाटलं, पोरगी आता उसळेल. पोरीने नळी उजेडाकडे धरली, बघितली आणि स्टँडमध्ये ठेवली.

"मॅडम, ब्रोमीनला गाईड वाचता येत न्हाई. तपासणाऱ्याला येतं."

बंकटमामा खो खो हसले. मीही हसले. जीपमध्ये बसल्यावर मी तिचं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आईला सगळं माहीत झालं आहे. ती म्हणते, लोकं बांधावरून भांडतेत, माझी दोघं बाणावरून भांडायलेत, या मनकर्णाची लेकरं लई शिकली. तिला यात गंमत वाटत नाही हे तुला वेगळं सांगायला नको. तुझं ताट कधी वाढायचं ते विचारते. मी सांगते, तो कामात आहे.

उत्तर स्वतःच्या नावाने दे.

माया

केज, १९ जुलै

दादा,

हे पत्र मी केजच्या स्टँडवर बसून लिहिते आहे, अक्षर हललं तर माफ कर. बाकी कशाचीच माफी मागणार नाही.

तू बुधवारी मला न भेटता कॉलेजात येऊन गेलास. प्राचार्यांच्या खोलीत बसलास आणि निरोप ठेवलास. अध्यक्षांच्या अधिकारात मनिषाला दोन कृपागुण देता येतील, अर्जावर तिची सही आली की कागद त्याच दिवशी निघेल, मग हा विषय संपला. बाकीच्या सहा जणांचं काही नाही, त्यांची कुठे जागा अडली नाही, त्यांनी ऑक्टोबरला बसावं. आदर्श उत्तर आहे तसं राहील. गाईडची चौथी आवृत्ती छापायला गेली आहे, तीही आहे तशी.

तुला वाटलं असेल तू मोठं मन केलंस. मी प्राचार्यांसमोर म्हटलं, ही कृपा नव्हे, हा तोंड बंद करायचा बोळा आहे. ते म्हणाले, बाई, तुमचा मुद्दा बरोबर असेल, पण पोरीचं बघा.

म्हणून मी पोरीला विचारायला गेले. आणि इथे माझी जी फजिती झाली ती तुला कळलीच पाहिजे, कारण ती तुझ्यामुळे झाली.

मनिषा मेंढरांच्या वाड्याच्या कडेला, वाघुरीच्या जाळीच्या खुंटाला टेकून बसली होती. मांडीवर तुझं गाईड होतं. पान एकशे बारा. वहीत ती बाण काढत होती. कड्यातून नायट्रोजनकडे. एका पानावर दहा वेळा काढून झालं होतं. लहान पोरं बाराखडी गिरवतात तसं.

मी विचारलं, हे काय आहे.

ती म्हणाली, "ऑक्टोबरची तयारी. उलटा बाण काढला की मार्क मिळतेत. मग सुलटा कावून काढायचा, मॅडम?"

मी म्हटलं, तुला माहीत आहे ना हे चूक आहे? तू स्वतः नळी हातात धरली होतीस.

"माहीत हाय. म्हणूनच तर दहा दहा वेळा काढायलेय. हात आपोआप बरोबर जातो. त्याची सवय मोडायची हाय."

दादा, मी भल्या भल्या सभांत उभी राहिले आहे, दगडही बघितले आहेत. असा दगड मात्र पहिल्यांदा लागला. आपल्या गाईडने एका पोरीला येत असलेली गोष्ट विसरायचा सराव करायला बसवलं. शिकवण्याचं याहून उलटं काम मला माहीत नाही.

मी तिला कृपागुणांचं सांगितलं. मला वाटत होतं ती नको म्हणेल. ती लगेच म्हणाली, घेते. मला लातूरला जायचंय, तुमचं भांडण तुमी भांडा. मला राग आला. तिचा आला, मग माझाच आला. वीस वर्षांची पोर, तिच्या पुढ्यात एकच दार, आणि मी तिला म्हणणार, की तत्त्वासाठी बाहेर थांब? मी म्हटलं, घे बाई, तुझा हक्क आहे.

रामहरी पलीकडे कोकराच्या खुरात रुतलेला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मेहरबानीचे मार्क घेतले तर कागदावर ती चुकलीच म्हणायची ना?"

मनिषा म्हणाली, "आबा, कागदावर काय बी असू द्या."

"मग हे दहा दहा वेळा काय करायलीस? हे बी कागदावरच हाय की."

तिने वही मिटली. गाईड मिटलं. प्राचार्यांनी दिलेला कृपागुणांच्या अर्जाचा कागद माझ्या हातात होता, तो तिने घेतला आणि त्यावर सही केली नाही. मला परतही दिला नाही. गाईडमध्ये घालून ठेवला. अजून तिच्याकडेच आहे. तिने ठरवलेलं नाही आणि मी तिला ढकलणार नाही.

तीस तारखेला परीक्षा विभागात फेरतपासणीची बैठक आहे. सातही जणांचे अर्ज मी भरून दिले आहेत. नियम वाचला आहे. आदर्श उत्तर चुकलं असं फक्त पेपर काढणारा लेखी देऊ शकतो. दुसऱ्या कुणाचं म्हणणं नोंदवतही नाहीत. मी तिथे घसा फुटेपर्यंत बोलले तरी शून्य.

गाडी लागली. थांबते.

माया

तेलगाव, २६ जुलै

दादा,

तुझी शांतता मला कळली. पहिल्यांदाच तू वहिनीचा फोनही वापरला नाहीस. तू वाट बघतो आहेस, मी स्वतःहून बोलते का. तर बोलते.

तीस जूनच्या पत्रात मी लिहिलं की पान एकशे बारावर माझी नजर निकालानंतर पहिल्यांदा गेली. ते खोटं आहे. तुला ते खोटं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तू ते हुकमाच्या पानासारखं धरून बसलास.

गाईडची प्रुफं मी तपासली होती. तेलगाव ते केज एसटीत, मांडीवर गठ्ठा ठेवून, हिरव्या पेनाने. तेव्हा एप्रिल होता, डोक्यात जयंतीचं भाषण होतं. वेलांट्या बघितल्या, चित्रं बघितली नाहीत. एकशे बारावर माझी हिरवी खूण आहे. प्रस्तावनेत तू माझे आभार मानलेस, तेही आहेत.

पण एवढ्यावर थांबले तर हे अजून अर्धंच. पुस्तक छापून आल्यावर पहिल्याच महिन्यात वर्गात शिकवताना मला ती चूक दिसली. दोन वर्षांपूर्वी. मी काय केलं? तेव्हापासून दर वर्षी माझ्या वर्गातल्या पोरांना गाईड उघडायला लावलं, एकशे बारावर काट मारायला लावली आणि बरोबर रचना फळ्यावर काढून दिल्या. तुला सांगितलं नाही. बीडच्या पोरांना कळवलं नाही. कारण तासिका तत्त्वावरच्या माणसाची नेमणूक दर जूनला नव्याने होते आणि त्या यादीवर विभागप्रमुख म्हणून तुझी शिफारस लागते. चौकात उभी राहून मी हजार माणसांना सांगते की अन्याय दिसला तर बोला. माझ्या भावाच्या पुस्तकात चूक दिसली तेव्हा मी चाळीस पोरांपुरतं कुजबुजले.

म्हणजे मनिषाला शून्य तू दिलंस, पण त्या शून्यापर्यंत तिला मी नेलं. मी तिला खरं शिकवलं आणि ते खरं वर्गाच्या दाराबाहेर येऊ दिलं नाही. तेव्हाच ओरडले असते तर तू दुसऱ्या आवृत्तीत चित्र बदललं असतंस. बदललंच असतंस, तेव्हा तू अजून माझं ऐकत होतास. आता बोलते आहे म्हणून मी शूर नाही. दोन वर्षं उशिरा बोलते आहे.

तुझ्यावरचा माझा राग याने कणभर कमी होत नाही. तू मनात म्हणत असशील, त्या पानावर हिची स्वतःची खूण आहे, ही कुठल्या तोंडाने बोलते. याच तोंडाने. प्रुफाचं ते पान मी सांभाळून ठेवलं होतं. काल त्याची प्रत माझ्या लेखी कबुलीसकट परीक्षा विभागात देऊन पोच घेतली आहे. माझी नेमणूक आता येणार नाही, हे मला बंकटमामांनी न विचारता सांगितलं. म्हणाले, मॅडम, तुमी स्वतःच्या हातानं ब्रोमीनची बाटली अंगावर ओतून घेतली. ओतली. तेव्हा तुझ्या हातातलं पान आता कामाचं नाही. मला लपवायला काही उरलं नाही आणि तुला माझ्याआड लपायला काही उरलं नाही.

तुझं काय जाईल ते मी मोजलं आहे. अध्यक्षपद जाईल. चौथी आवृत्ती रद्द करावी लागेल. बीडच्या पोरांचे आठ मार्क कमी होतील, त्यांचे आईबाप तुझ्या दारात येतील. विभागात लोक दबक्या आवाजात हसतील, आणि त्यातले काही का हसतात हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. आपल्या माणसाची चूक निघाली की काहींना जरा जास्तच गोड लागते. या भीतीनेच तू चूक दाबतो आहेस, हे मला कळतं. पण दादा, आपला माणूस चुकू शकतो आणि स्वतःहून दुरुस्त करू शकतो, हे त्यांना दिसू दे. दाबलेली चूक त्यांच्याच कामाची आहे.

मनिषा सकाळी येऊन गेली. कृपागुणांच्या अर्जावर अजून सही नाही. म्हणाली, बुधवार दुपारपर्यंत थांबते, मॅडम, त्याच्यापुढं मला थांबता येणार न्हाई. लातूरची गाडी गुरुवारी पहाटेची आहे. तिने एवढी मुदत दिली तीच मला जास्त वाटते. ती तुला ओळखतही नाही.

बुधवारी, तीस तारखेला, सकाळी अकरा वाजता बीडच्या परीक्षा विभागात ये. कुणाला पाठवू नकोस, फोन करवू नकोस. पेपर काढणारा म्हणून स्वतःच्या हाताने लिही: "प्रश्न चारचे आदर्श उत्तर चुकीचे आहे. बाण नायट्रोजनपासून निघतो. सर्व उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात." आणि खाली सही कर.

तुझी,
माया